सिग्नेची बरणी

आमच्या टॅनर नदीवर कुणी स्टीलहेड मासा पकडला तर तो केवढा होता हे कुणी विचारत नाही. "कशावर घेतला?" एवढंच विचारतात. आणि गेली कित्येक वर्षं या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एकच येतं, "आर्विडच्या गुलाबीवर."

आर्विड म्हणजे मी. गुलाबी म्हणजे माझी कोळंबी. खाडीवर धक्क्यापाशी पिंजरे टाकून मी ती स्वतः धरतो, जिवंत घरी आणतो आणि गॅरेजमध्ये मुरवतो. जाडं मीठ, साखर, थोडा टाकणखार, रंगाची पूड आणि वरून बडीशेपेच्या तेलाचे थेंब. जेवणातलं आयोडीनचं मीठ घातलंत तर कोळंबी कडवट होते आणि मासा तोंडात घेऊन थुंकून टाकतो, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण किती वेळ मुरवायची, पाण्यातून कधी उपसायची, चिमटीत धरल्यावर ती कशी वाकली पाहिजे, हे ज्याचं त्याचं. माझी वाकते पण मोडत नाही. गळावर ओवली की दिवसभर वाहत्या पाण्यात राहते. उगाच बढाई मारत नाही, खरं तेच सांगतो.

हिवाळाभर माझी बोटं गुलाबी असतात. रंग साबणानं जात नाही आणि जावा अशी माझी इच्छाही नसते. आमच्याकडे चर्चमध्ये हात जोडून बसलेले म्हातारे बघा, ज्याची बोटं रंगलेली तो खरा नदीवरचा माणूस. लग्नाच्या दिवशीसुद्धा माझी बोटं गुलाबी होती. मेरेटच्या आईनं तोंड वाकडं केलं होतं, पण मेरेट मात्र हसली होती.

मेरेटला जाऊन आता बरीच वर्षं झाली. आमची लाकडी होडी आम्ही दोघांनी मिळून बांधली होती. फळ्या मी ठोकल्या, घासून गुळगुळीत तिनं केल्या. ती गेल्यावर मी घरात फारसा थांबत नाही. नदी उघडी असेल तेव्हा होडीत असतो, आणि बंद असेल तेव्हा होडीला रंग देतो. माझं माणूस म्हणून जे काही उरलंय ते त्या होडीत आहे, असं म्हटलं तरी चालेल.

म्हणून सिग्ने पोर्टलंडची नोकरी सोडून घरी आली आणि म्हणाली, "बाबा, मला होडी दे. मी लोकांना मासेमारीला नेईन, यावरच पोट भरेन," तेव्हा मला धक्काच बसला.

सिग्ने माझी एकुलती एक मुलगी. तिशी ओलांडलेली, दातांच्या दवाखान्यात चांगली रुळली होती. आता दवाखान्यातून एकच गोष्ट घेऊन आली होती, पातळ रबरी हातमोज्यांचे खोके. ते घालून ती माझ्याच गॅरेजच्या दुसऱ्या कोपऱ्यात स्वतःची कोळंबी मुरवायला लागली.

"अगं, तुला कोळंबी मुरवायचीय की तिचं ऑपरेशन करायचंय?" मी विचारलं.

"माणसाच्या हाताचा वास माशाला नकोसा होतो, बाबा. पाणी नितळ असलं की जास्तच."

"माझ्या हाताचा वास त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा आहे."

"म्हणूनच पळतात," ती म्हणाली आणि कामाला लागली.

तिचं सगळंच उलटं. रंग नाही. बडीशेपेचं तेल नाही. मीठ माझ्याहून कमी. कोळंब्यांची डोकी वेगळी काढून ती कुटायची, त्यांचा रस गाळून मिठाच्या पाण्यात घालायची आणि त्यात बाकीची मुरवायची. बाहेर निघायची ती मातकट, किंचित नारिंगी. मेलेली कोळंबी जशी दिसते तशीच. मी म्हटलं, हिला बघून मासा काय, मांजरसुद्धा वळून बघणार नाही.

ही गोष्ट गावभर झाली, कारण आमच्या गावात सगळं ऑपलच्या हॉटेलात होतं. सकाळी अंडी-बटाट्यावर सगळे तिथंच. एका सकाळी मी आणि सिग्ने आत शिरलो तर बर्डेट कूली वाटच बघत होता. बर्डेट माझा लहानपणापासूनचा मित्र, आणि जिभेला हाड नाही. त्यानं दोन्ही हात वर केले, डॉक्टर ऑपरेशनला जाताना धरतात तसे.

"या डॉक्टरीणबाई! आजचा पेशंट कसा आहे? कोळंबी शुद्धीवर आली का?"

सगळं हॉटेल हसलं. सिग्नेही हसली. मी मात्र हसलो नाही. मी तिला टोमणे मारतो ती वेगळी गोष्ट. दुसऱ्यानं मारलेले मला खपत नाहीत.

"तिच्या कोळंबीला नावं ठेवायचं तुला कारण नाही," मी म्हणालो. "तुझी तर उकडलेल्या गाजरासारखी असते."

"मग दे ना तिला होडी! एवढा पुळका आहे तर!" बर्डेट म्हणाला. "पोरगी मागतेय, तू बसलायस अडून. तिची कोळंबी चांगली की वाईट, एकदाचं सांग की."

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. सिग्नेसुद्धा. माझं डोकं अशा वेळी आधी तापतं, मग चालतं.

"ठीक आहे!" मी टेबलावर हात आपटला. "या हंगामात हिच्या कोळंबीवर हॅचरीची एक जरी मादी आली, तर होडी हिची. नाही आली तर हिनं पोर्टलंडला परत जायचं आणि होडीचं नाव काढायचं नाही. ऐकलंत सगळ्यांनी?"

"ऐकलं," सिग्ने म्हणाली. "मंजूर."

हॅचरीची मादी म्हणजे काय ते सांगतो. नदीत अंड्यांतून आपोआप वाढलेले, समुद्र बघून परत आलेले जे रानटी स्टीलहेड असतात, त्यांतले थोडे आम्ही दरवर्षी गळानं जिवंत धरून हॅचरीला देतो. तिथं त्यांच्यापासून पिल्लं वाढवतात आणि ती आमच्याच नदीत सोडतात. हे मासे धरायचा परवाना मोजक्या लोकांना असतो. माझ्याकडे आहे, बर्डेटकडे आहे. सिग्नेकडे नव्हता. ती माझ्या होडीची वल्ही मारायची, कारण माझा खांदा आता दिवसभर साथ देत नाही.

म्हणजे तिची कोळंबी पाण्यात पडायची तर परवाना असलेल्या कुणीतरी ती वापरायला हवी. आणि इथंच खरी मेख होती. आमच्या नदीवर कुणाची होडी मागा, गाडी मागा, अंगावरचा कोट मागा, मिळेल. पण दुसऱ्याची कोळंबीची बरणी मागायची नाही. बरणी मागणं म्हणजे माझी हरली, तुझी जिंकली हे तोंडानं कबूल करणं. आपली बरणी आपणहून पुढं करणं तर त्याहून वाईट, तो समोरच्याचा अपमान. माझी बरणी या नदीवरच्या जवळजवळ प्रत्येकानं कधी ना कधी मागितलीय, खाली मान घालून. बर्डेटनंसुद्धा. मी कुणाची कधी मागितली नाही.

पैज लावताना हे माझ्या लक्षात होतं का? होतं. मी काही संत नाही.

सिग्नेच्याही लक्षात होतं. पण ती एक शब्द बोलली नाही. रोज पहाटे आपली बरणी आणून होडीत आपल्या पायाशी ठेवायची, झाकण घट्ट लावून, आणि वल्ही हातात घ्यायची.

त्या वर्षी पाऊस फिरकलाच नाही. थंडी कडाक्याची, आकाश निळं, आणि नदी उतरून अशी नितळ झाली की तळाचे गोटे दिसायचे. आम्हा स्टीलहेडवाल्यांना गढूळ, हिरवट पाणी लागतं. अशा पाण्यात माझी गुलाबी दिव्यासारखी उजळते. नितळ पाण्यात मात्र मासे भेदरट होतात. हंगाम सरत आला तरी हॅचरीकडे नर भरपूर आणि माद्या मात्र फारच कमी. हॅचरीचा लायल रोज चेहरा पाडून परत जायचा.

"बाबा, रंग जरा कमी करून बघ ना," एका संध्याकाळी सिग्ने म्हणाली.

"माझी गुलाबी फिकी करू? मग तिला आर्विडची कोण म्हणेल?"

रात्री जेवताना तिनं पोर्टलंडच्या दवाखान्याचा फोन आल्याचं सांगितलं. जागा अजून रिकामी होती. मी बटाटे वाढून घेतले आणि म्हणालो, "चांगली नोकरी आहे." त्यानंतर मला जेवण गेलं नाही.

मासे गोळा करायचा शेवटचा दिवस उजाडला. मिलच्या डोहावर सगळे जमले होते. लायलची टाकीची गाडी वर रस्त्यावर उभी, काठावर शेकोटी, कॉफीचा मोठा थर्मास. डोहाच्या वरच्या अंगाला एका काळ्या खडकामागं एक मादी उभी होती. पाणी इतकं स्वच्छ की वरून दिसत होती, लांब, रुपेरी, पोट भरलेलं. पाठीवर शेपटीजवळचा लहानसा पर शाबूत, म्हणजे रानटीच. हॅचरीत वाढवून सोडलेल्या माशांचा तो पर आधीच कापलेला असतो.

काठावरून सगळ्यांनी आपलं नशीब अजमावून बघितलं. बर्डेटनं त्याचं गाजर तिच्यासमोरून कितीदा तरी वाहवलं. ती हलली नाही.

"आर्विड, लेका, आता तूच!" तो ओरडला. "तुझ्या गुलाबीशिवाय हिचं लग्न जमायचं नाही."

सिग्नेनं होडी डोहाच्या वरच्या अंगाला नेली आणि वल्ह्यांनी अशी धरून ठेवली की पाण्यावर एक वर्तुळ उठलं नाही. मी पुढच्या बैठकीवर बसलो, गळाला गुलाबी लावली, दोरी सोडली. पाण्यावर तरंगणारा तरंडा हळूहळू खाली वाहत गेला. त्याच्याखाली माझी कोळंबी, भडक गुलाबी, स्पष्ट दिसत होती. ती मादीच्या तोंडासमोर पोचली.

आणि मादी बाजूला सरकली.

घाबरून पळाली नाही हो. घाणीतून चालताना बायका जसा पाय बाजूला ठेवतात, तशी सरकली, आणि कोळंबी गेल्यावर परत जागेवर आली. मी पुन्हा टाकली. ती पुन्हा सरकली. तिसऱ्यांदा तर तिनं नुसतं अंग वळवलं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. इतक्या वर्षांत माझा एवढा अपमान माणसानंही केला नव्हता.

मी मागं वळून बघितलं. सिग्ने माझ्याकडे बघत नव्हती. ती मादीकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून. तिच्या पायाशी ती बरणी होती. ही पोरगी हंगामभर त्या बरणीशेजारी बसून माझी वल्ही मारत होती. एकदाही म्हणाली नाही की बाबा, हे घे. म्हणाली असती तर मीच बोंब ठोकली असती. नदीची रीत ती माझ्याहून चांगली पाळत होती. आणि आता ती पोर्टलंडला लोकांचे दात मोजायला जाणार होती.

"दे," मी म्हणालो.

"काय?"

"काय म्हणजे काय? बरणी."

"कुणाची?"

"सिग्ने, मला छळू नकोस."

"नाही, बाबा, नीट माग," ती हळूच म्हणाली. ती हसत नव्हती. "हे मागणं असंच अर्धवट चालत नाही. तूच शिकवलंस मला."

पाण्याच्या आवाजात काठावर काही ऐकू जात नव्हतं. तरी मी आवाज खाली आणला. "सिग्ने, तुझी बरणी दे मला."

तिनं एक वल्हं गुडघ्यात धरलं, खिशातून हातमोजे काढले आणि माझ्या मांडीवर टाकले. "आधी हे घाल. आणि नवा गळ बांध. जुन्याला तुझं तेल लागलंय."

मी, आर्विड हॉगेन, दवाखान्याचे मोजे घालून गळ बांधायला बसलो. मोजे माझ्या बोटांत अर्धेच शिरले. काठावरून हे दिसू नये म्हणून मी अंग वाकवून बसलो होतो हेही सांगून टाकतो. बरणीचं झाकण उघडलं तेव्हा आतून मिठाचा आणि खाडीचा वास आला, ओहोटीच्या वेळी धक्क्यावर येतो तसा. दुसरा कसलाच नाही. मी एक कोळंबी उचलून चिमटीत वाकवली. वाकली. मोडली नाही. माझ्याहून कमी मिठात तिनं हे कसं साधलं होतं कुणास ठाऊक. ते बघून मला काय वाटलं ते सांगता येणार नाही.

"किती वेळ मुरवलीस ही?" मी विचारलं.

"ते सांगत नाहीत, बाबा."

मी दोरी सोडली. मातकट कोळंबी पाण्यात दिसेनाशी झाली. तरंडा खडकाजवळ पोचला. मादी सरकली, पण यावेळी पुढं. तरंडा गपकन बुडाला.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. ती पाण्याबाहेर उसळली तेव्हा काठावर आरडाओरडा झाला. ती डोहाच्या खालच्या धारेकडे धावली आणि सिग्नेनं होडी तिच्यामागं अशी नेली की दोरी एकदाही सैल पडली नाही. मी गळाची काठी धरली होती एवढंच. मासा खरा सिग्नेनंच दमवला, वल्ह्यांनी. शेवटी उथळ पाण्यात तिनंच जाळं खाली घातलं. गळ ओठाच्या कडेला लागला होता, रक्ताचा थेंब नाही. लायल गुडघाभर पाण्यात धडपडत आला. त्यानं भोकं पाडलेलं जाड नळकांडं पाण्यात आडवं धरलं आणि सिग्नेनं मादी अलगद आत सरकवली, तोंड प्रवाहाकडे करून.

"भरलेली आहे," लायल म्हणाला. "काय सुंदर आहे ही! आर्विड, लाख आभार तुझे."

तो नळकांडं सांभाळत काठाकडे निघाला, आणि आमची होडी पुन्हा धारेत आली. तिकडे काठावर बर्डेट टोपी फिरवत नाचत होता.

"गुलाबी! म्हाताऱ्याची गुलाबी!" तो बोंबलत होता. "पोरी, हरलीस गं! बांध तुझी बॅग!"

सगळे टाळ्या वाजवायला लागले. माझ्या नावानं. मी खोटं बोलणार नाही, त्या टाळ्या मला गोड लागल्या.

"राहू दे, बाबा," मागून सिग्ने म्हणाली. "त्यांना तसंच वाटू दे. मी बघितलं ना, मला तेवढं पुरे. होडी तुझी आहे, तुझ्या हातात शोभते. मी सोमवारी जाईन."

"राहू दे?" मी तिच्याकडे वळलो. माझा पारा चढला. "राहू दे काय? अशी कोळंबी मुरवायची आणि राहू दे म्हणायचं? कुणाची मुलगी आहेस तू?"

मग मी काठाकडे तोंड केलं.

"सिग्नेच्या कोळंबीवर घेतला!" मी ओरडलो.

हे बोलताना छातीत कळ आल्यासारखं झालं. होडी गेली, हे त्या क्षणी खरं झालं.

"काय?" बर्डेटनं कानामागं हात नेला. पाण्याची घरघर मध्ये होती.

"सिग्नेच्या कोळंबीवर! मी तिची बरणी मागितली!"

दुसऱ्यांदा तेवढं दुखलं नाही.

"ऐकू येत नाही! कुणाची बरणी?"

मग मी उठून उभा राहिलो. दोन्ही हात तोंडाशी नेले, अजून ते अर्धवट घातलेले मोजे बोटांवर लोंबत होते. आणि छाती भरून असा ओरडलो की रस्त्यावरच्या गाडीपाशी उभ्या माणसांनीही वळून बघितलं.

"माझ्या मुलीची! सिग्ने हॉगेनची! माझ्याहून भारी आहे तिची कोळंबी! ज्याला हवी असेल त्यानं तिच्याकडे मागायची, आणि नीट मागायची!"

बर्डेटनं हळूच टोपी डोक्यावरून काढली. उभ्या आयुष्यात इतका अभिमान मला माझा स्वतःचाही कधी वाटला नव्हता. अजून एकदा ओरडावं म्हणून मी श्वास घेतला, तेवढ्यात होडी डुगडुगली.

"बाबा, खाली बस," सिग्ने म्हणाली. वल्ही तिच्या हातात पक्की होती. "माझ्या होडीत कुणी उभं राहायचं नाही."

मी बसलो.